तायडे सर, चुंबक आणि खंडेनवमी

तायडे सर माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलले ते असं: "मॅडम, तुमी या, पण पर्स बाहेर ठेवा."

कॉलेजात रुजू होऊन मला अर्धा तास झाला होता. मी मूळची कारंज्याची, आम्हा बाजारपेठेतल्या लोकांना अपमान लवकर समजतो. मी तिथल्या तिथं विचारलं, "काहून? मी काय तुमच्या प्रयोगशाळेतलं तांबं चोरून नेईन?" सरांनी शांतपणे शर्टाच्या खिशातून एक छोटं होकायंत्र काढलं आणि माझ्या पर्सपाशी धरलं. सुई गर्रकन फिरली. पर्सच्या झाकणाला ते टपकन बंद होणारं चुंबकाचं बटण होतं.

"पाह्यलं?" सर म्हणाले. "तुमचा राग नाही. हिचा आहे."

आमचं कॉलेज मालेगावचं. म्हणजे नाशिककडचं नाही, आमचं वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव जहांगीर. हा खुलासा जन्मभर करावा लागतो. सरांचं एक पार्सल एकदा त्या दुसऱ्या मालेगावला जाऊन महिनाभर राहून आलं, तर सरांनी ते न उघडताच बाद केलं. "रस्त्यानं कोणाकोणाच्या स्पीकरजवळून आलं असंन, कोण सांगते?" असं त्यांचं म्हणणं. कॉलेजात जागेची बोंब, त्यामुळे आम्हा मराठीवाल्यांचं टेबल भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या बाहेरच्या खोलीत टाकलेलं. मधे एक प्लायवूडची भिंत. म्हणून मला सगळं ऐकू यायचं, आणि ज्ञानेश्वरीच्या तासाची तयारी करताना पलीकडे पंप घरघरत असायचा.

सर बुटके, काटक, अंगात कायम पांढरा शर्ट. बटणं प्लॅस्टिकची. कमरेला पट्टा नाही, कारण बक्कल लोखंडाचं निघू शकतं. पँटला त्यांनी शिंप्याकडून सुती नाडा लावून घेतला होता. लग्नाला गेले की आधी मांडवभर होकायंत्र घेऊन फिरत आणि डीजेच्या भिंतीपासून दूर, पार आचाऱ्याजवळ, जिथं सुई गप्प बसेल तिथं खुर्ची टाकून बसत. लोकांना वाटे, सरांना जेवणाची घाई झाली आहे. त्यांचे काचेचे नमुने ते जर्मनच्या डब्यात ठेवत. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. सरांच्या घरी स्टीलच्या भांड्यांना फारसा मान नव्हता आणि काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, त्याबद्दल जे बोलायच्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हे सगळं कशासाठी? सरांचा विषय होता, चुंबकाला चिकटलेल्या धातूत विजेच्या जोड्या टिकतात की तुटतात. मी मराठीची बाई. मला त्यांनी तो कसा सांगितला, तसाच सांगते.

"हे पाहा मॅडम," ते म्हणाले, "शिसं लय म्हणजे लय थंड केलं, की त्यातले इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं चालतात. जोडीतल्या एकाचं तोंड वर, दुसऱ्याचं खाली. जोडी जमली की वीज बिनाअडथळ्याची वाहते. आता या शिशाच्या शेजारी साधं तांबं ठेवलं, त जोड्या धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात जराशा फिरून येतात. पण शेजारी चुंबक असला की? तो म्हणते, अथी सगळ्यायनं एकाच दिशेले तोंड करा. संपलं. दोन पावलावर जोडी तुटते."

"मग?"

"मंग काय! जोडी तुटू न देता चुंबकातून पार कशी न्यायची, हेच त पाहून राह्यलो. लोक धातूच्या आत पाह्यतात. आतलं काय पाह्यता? सगळं धुऱ्यावर घडते." धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. "धुऱ्यावरचं चुंबकपण एकदम सरळ नसलं, जरासं पीळ घेत गेलं, त जोडीतले दोघंबी हळूहळू एकीकडं तोंड करायले शिकतात. मंग त्यायले चुंबकाची भीती नाही. लांब जातात. धुरा वाकडा पाह्यजे, मॅडम."

हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की त्याचा एकदा भलताच परिणाम झाला. अनसिंगजवळ सरांच्या वाट्याचं थोडं वावर होतं. शेजारी चुलतभाऊ. त्यानं दरसाल नांगरताना थोडं थोडं करत धुरा सरांच्या बाजूला नागमोडी सरकवला होता. काकूंनी भांडून भांडून मोजणी आणवली. मोजणीदार दोरी लावून म्हणाला, सर, तुमची बाजू खरी आहे, सरळ करून देऊ. सर त्या धुऱ्यावर उकिडवे बसले, लांबवर पाहत राहिले आणि म्हणाले, "राहू द्या. असा पीळ मले प्रयोगशाळेत दहा वर्षांत जमला नाही." चुलतभाऊ बिचारा घाबरला. त्याला वाटलं यात काहीतरी कायद्याची चाल आहे, म्हणून त्यानं पुढच्या वर्षी आपणहून धुरा सरळ केला. सर हळहळले.

प्रयोगशाळेत सरांसोबत किसनभाऊ. हे आमचे प्रयोगशाळा परिचर. उंचेपुरे, कपाळाला अष्टगंध. धातूची वाफ करून काचेवर थर द्यायचं एक जुनं यंत्र सरांनी कुठल्याशा अनुदानातून मिळवलेलं होतं, त्याचा पंप सुरू करणं फक्त किसनभाऊंना जमे. त्या पंपाला ते 'रेडा' म्हणत आणि रेड्यासारखंच थोपटत. काचेवर शिशाच्या दोन पट्ट्या, मधे निकेलचा पूल. निकेल म्हणजे चुंबकाच्या जातीचं. पूल इतका लांब, की जोडी ओलांडून जाणं शक्यच नाही. सर ते नमुने वर्षातून एकदा दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत नेत, तिथं अतिथंड करून मोजून घेत आणि हात हलवत परत येत. वीस वर्षं. पूल कधी कुणी ओलांडला नाही.

आणि मग ती खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. एसटी डेपोत पान्यांची होते, शेतात विळ्याकोयत्यांची. किसनभाऊ प्रयोगशाळेची करत. सर बौद्ध घरातले, घरी बुद्धाची मूर्ती; पूजेच्या दिवशी ते शांतपणे रजा टाकून घरी वाचत बसत. "पूजा किसनभाऊची, मोजणी माही," एवढाच त्यांच्यातला करार. त्या वर्षी किसनभाऊंनी विचार केला की या खोलीत सगळ्यात मोठं हत्यार कोणतं? कपाटातला नालासारखा मोठा चुंबक. आणि सगळ्यात मोलाची वस्तू कोणती? सरांचा जर्मनचा डबा. तेव्हा त्यांनी टेबलावर डबा मांडला, डब्यावर चुंबक ठेवला, चुंबकाच्या दोन पायांत नारळ बसवला, वर झेंडूचं फूल वाहिलं. आरती झाली. प्राचार्यांनी नमस्कार केला. मी पेढा खाल्ला.

सुट्टी संपवून सर आले आणि खिशातलं होकायंत्र दारातच नाचायला लागलं. मी सरांना त्याआधी आणि त्यानंतर कधी ओरडताना ऐकलं नाही.

"किसनभाऊ! माह्या सहा महिन्याची माती केली तुमी!"

किसनभाऊंना गुन्हाच समजेना. "सर, तुमचा डबा त देवाच्या जागी ठेवला मी! अपमान केला का?"

नवे नमुने करायला वेळ नव्हता; मोठ्या प्रयोगशाळेतली तारीख चार दिवसांवर आलेली. ती चुकली तर वर्ष गेलं. सर तेच बाटलेले नमुने घेऊन गेले, तोंड एवढंसं करून. तिसऱ्या दिवशी मला फोन. सरांचा.

"मॅडम, एक पूल ओलांडला."

"कोणी?"

"जोडीनं! एका नमुन्यात अडथळा शून्य झाला! शून्य!"

बाप्पा, त्या दिवसापासून सरांची झोप उडाली. एका नमुन्यात एकदाच झालं, म्हणजे योगायोग असू शकतो. पुन्हा करून दाखवता आलं पाहिजे. नाहीतर सर म्हणत, ते विज्ञान नाही, ती गोष्ट आहे. आणि निवृत्तीला उरली होती तीन वर्षं. खरं होतं की नव्हतं, एवढंच त्यांना कळून घ्यायचं होतं. सरांनी तो चुंबक स्वतः डब्यावर ठेवून पाहिला, आडवा, उभा, तिरपा. काही नाही. मग त्यांनी किसनभाऊंना सांगितलं, त्या दिवशी जसं केलं तसंच करा.

"खंडेनवमीले करतो," किसनभाऊ म्हणाले.

"आता करा ना. नुसतं ठेवून दाखवा."

"मधातच कशी पूजा करू सर? अन् नुसतं ठेवता येत नाही. पूजा सुरू झाली की हात आपोआप जाते. असा विचार करून ठेवला त भलतीकडं जाते."

मला वाटलं सर चिडतील. सर मात्र विचारात पडले आणि म्हणाले, "बरोबर आहे. हात बदलला की प्रयोग बदलला." झालं! जगात कुठं कुणी प्रयोगाला वर्षातून एकच मुहूर्त दिला असेल तर तो आमच्या मालेगावात. तीन खंडेनवम्या, तीन संधी.

पहिल्या वर्षी सर स्वतः पूजेला हजर. हातात वही, मोजपट्टी. येणाऱ्या प्रत्येकाची दारात होकायंत्रानं झडती. आमचे प्राचार्य कंबरदुखीसाठी चुंबकाचा पट्टा बांधत. आत छोटे छोटे गोल चुंबक शिवलेले असतात तो. सर त्यांना एरवीही प्रयोगशाळेत फिरकू देत नसत. त्या दिवशी तर त्यांनी प्राचार्यांना दारातच पट्टा सोडायला लावला. प्राचार्य एका हातानं कंबर धरून आरतीला उभे. सर लिहीत होते: "नारळ ठेवताना उजवा हात. दोन बोटं ओली." एवढं कुणी निरखून पाहत असल्यावर किसनभाऊ बिचारे आरतीचं कडवंच विसरले. नमुने कोरे निघाले.

दुसऱ्या वर्षी सरांनी ठरवलं, आपण नको, आपल्यामुळे किसनभाऊंचा हात अवघडतो. वही माझ्याकडे दिली. झडतीही मीच घेतली. प्राचार्य यंदा कुरकुरत पट्टा सोडून आत आले, टेबलापाशी गेले आणि नमस्काराला वाकताना कळ येऊन "आई गं" करत मागे सरले. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या मूळच्या वर्षी ते टेबलाला पोट टेकवून चांगले वाकले होते. पट्ट्यासकट! डब्यापासून चार बोटांवर!

नमुने याही वर्षी कोरेच निघाले. सर परत आल्यावर मी हे सांगितलं. सर खाली बसले.

"मॅडम, त्या पट्ट्यातले चुंबक एकाआड एक उलटे असतात. एक वर, एक खाली." बोटांनी ते हवेत लाटा काढत होते. "नालानं सगळं एका दिशेले केलं. मंग पट्ट्यानं धुऱ्याले पीळ देल्ला. अन् आपण दोन वर्षं दारातच थोच पट्टा काढून घेऊन राह्यलो!" आणि स्वतःच्या कपाळावर त्यांनी इतक्या जोरात हात मारला की पलीकडून किसनभाऊ पाणी घेऊन धावले.

तिसरं वर्ष शेवटचं. प्राचार्यांना आदल्या दिवशी सरांनी घरी जाऊन बोलावणं दिलं, पट्टा बांधूनच येजा म्हणून. किसनभाऊंनी पूजा मांडली, झेंडू मिळाला नाही म्हणून शेवंती. प्राचार्य टेबलाला पोट टेकवून वाकले आणि सर मागून म्हणाले, "जरा थांबा साहेब, तसेच राहा." प्राचार्य तसेच राहिले. मी हसू दाबत होते.

पाच नमुन्यांपैकी तीन पूल ओलांडले.

सर निवृत्त झाले ते जत्रेला निघाल्यासारख्या आनंदात. त्यांनी लेख लिहिला, त्यावर दोन नावं घातली. तायडे आणि त्यांच्या आधी किसनभाऊंचं. कृतीच्या भागात सगळं जसंच्या तसं: नाल, पट्टा, वाकण्याचा कोन, नारळ, फूल. नियतकालिकाच्या परीक्षकांचं उत्तर आलं. निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो. फक्त फूल आणि नारळ यांचे उल्लेख काढा, छापू.

इथं सर अडून बसले. मी म्हटलं, "सर, काढा ना तो नारळ. तुम्ही कुठं देवधर्म करता?"

"देवाचं नाही मॅडम, नियमाचं आहे. फुलाचं मी काढतो. एका वर्षी झेंडू होता, एका वर्षी शेवंती, दोन्ही वेळा झालं. पण नारळ दोन्ही वेळा होता. त्याचं वजन चुंबकावर होतं. नारळाबिगर एकदाबी झालं नाही. मंग नारळ लागत नाही असं मी कोणत्या तोंडानं लिहू?"

"मग किसनभाऊंना सांगा, यंदा नारळाशिवाय करा."

सर एकदम गंभीर झाले. "ते मी मांगू शकत नाही. उद्या माह्या घरी येऊन कोणी म्हटलं, बुद्धापुढची मेणबत्ती नका लावू, मले मोजणी करायची आहे, त मले चालंन का?"

तर असा तो लेख सरांच्या कपाटात पडला. बावीस-तेवीस वर्षांचं काम आणि ते एका नारळावर अडलेलं. माझा जीव तुटत होता. माझ्या पोटात काही राहत नाही. एक दिवस मी किसनभाऊंना सगळं बोलून गेले. ते रेड्याला तेल घालत राहिले.

पुढच्या खंडेनवमीला किसनभाऊंनी सरांना पाहुणे म्हणून बोलावलं. सर नवे नमुने घेऊन आले. घरी बसवत नाही म्हणून कॉलेजात येऊन केलेले. पूजा मांडली. डबा, नाल, हळदकुंकू, फूल. प्राचार्य पट्टा आवळून तयार.

"किसनभाऊ, नारळ राह्यला," सर म्हणाले.

"यंदा नाही."

"अहो, पण..."

"देवाले मी काय सांगाचं ते सांगतो. तुमी मोजा." आणि त्यांनी आरती सुरू केली. सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

यंदा पाचपैकी चार ओलांडले. फोनवर सांगून भागलं असतं, पण सर मोठ्या प्रयोगशाळेतून एसटीनं मालेगावला आले, आधी माझ्याकडे नाही, थेट आत किसनभाऊंकडे गेले. मी प्लायवूडच्या अलीकडे. ऐकू येतच होतं.

"किसनभाऊ," सर चोरी कबूल केल्यासारखे म्हणाले, "नारळ नसला तरी होते."

"थे त मले माईतच होतं."

"मंग इतके वर्सं ठेवला काहून?"

"चुंबकासाठी ठेवत होतो का मी थो? तुमचं काम व्हावं म्हणून ठेवत होतो."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. मग सर हळूच म्हणाले, "पण यंदा नाही ठेवला. तरी झालं की माहं काम."

"नाही ठेवला कोण म्हणते? अथी नाही ठेवला. घरी देवापुढं ठेवला होता. पहाटीच."

आता मिठी मारतील, मला वाटलं. रडतील. सरांच्या खिशातून वही निघाल्याचा आवाज आला.

"तुमचं घर अथून किती दूर आहे?"

"असंन दीड किलोमीटर."

"असंन नाही चालत किसनभाऊ."

त्यानंतर सर लेकीकडे नागपूरला राहायला गेले, त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते शेवटचं त्या दुपारी, खिडकीतून. वाशीमच्या रस्त्याच्या कडेनं दोघं किसनभाऊंच्या घराकडे चालले होते. सर एकसारखी पावलं टाकत मोठ्यानं मोजत होते, आणि एखादी मोटारसायकल जवळून गेली की किसनभाऊ हात आडवा करून तिला बाजूला काढत होते, सरांचा आकडा चुकू नये म्हणून.